प्रोबेशन म्हणजे वायडी नाही रे

प्रिय पार्टनर,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तुझ्या धाकट्या भावाला, छोट्याला, इथे अमेरिकेत युनिव्हर्सिटीचा ईमेल आलाय, त्यात ॲकॅडमिक प्रोबेशन लिहिलंय, काकू धड जेवत नाहीयेत आणि तू विचारतोयस की आता त्याला परत पाठवणार का. नाही पाठवणार. हे आधी काकूंना सांगून ये, मग पुढचं वाच.

शब्दच बेकार आहे तो, ऐकला की कोर्टकचेरी आठवते. वायडीसारखं (इयर डाउन, वर्ष वाया जाणं) नाही हे, इथे त्याचा अर्थ एवढाच की एमएसला बहुतेक ठिकाणी जीपीए (ग्रेडची सरासरी, 4 पैकी) 3.0 लागतो (बॅचलर्सवाल्यांना 2.0), छोट्याचा खाली गेलाय आणि वर आणायला त्याला साधारण एक सेमिस्टर दिलंय. क्लास चालू, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) चालू, व्हिसाला नुसत्या प्रोबेशनने काही होत नाही. आपल्याला चाळीसला पास व्हायची सवय ना, इथे तिथेच फसतो आपण, सी प्लस आला की वाटतं चला सुटलो, पण सी प्लस म्हणजे 2.3, पास असून खाली ओढणारा.

सस्पेन्शन मात्र खरं प्रकरण आहे. पुढच्या सेमिस्टरलाही जीपीए वर आला नाही तर युनिव्हर्सिटी एखादं सेमिस्टर किंवा वर्षभर बाहेर बसवू शकते, आणि आपल्यासारख्या एफ-वनवाल्याला (स्टुडंट व्हिसावर आलेल्याला) बाहेर बसून अमेरिकेत राहता येत नाही, सेव्हिसमधलं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीतलं) रेकॉर्ड बंद होतं, सामान बांधायचं. परत यायचं तर पुन्हा युनिव्हर्सिटीची परवानगी, नवीन आय-ट्वेंटी, नव्याने 350 डॉलर सेव्हिस फी, आणि लोनचं व्याज काय तुझ्यासाठी थांबत नाही. अपील करता येतं, पण त्यात रडगाणं चालत नाही, काय झालं, त्याचे कागद कुठेत आणि आता वेगळं काय करणार, हे लिहावं लागतं.

हे सगळं मला एवढं पाठ कसं, हा प्रश्न तुला पडला असेलच. मी होतो प्रोबेशनवर. पहिल्याच सेमिस्टरला. तीन विषय, बी, बी मायनस आणि सी प्लस, जीपीए 2.67. मी कुणालाच सांगितलं नाही, घरी नाही, तुला नाही, ज्या चार पोरांबरोबर राहायचो त्यांनाही नाही. दर रविवारी आईला फोनवर म्हणायचो, मस्त चाललंय.

इथे लपवायला सोपं आहे ना. फेर्पा नावाचा 1974 चा कायदा आहे, कॉलेज सहसा विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय आईबापाला मार्क सांगत नाही, फी त्यांनी भरली असली तरी. बोर्डावर लिस्ट नाही, घरी पत्र नाही, एक ईमेल येतो आणि तो फक्त तूच वाचतोस. तेव्हा वाटलं काय भारी कायदा आहे. मार्चपर्यंत त्याच कायद्याने वाट लावली होती माझी, कारण विचारणारंच कुणी नव्हतं. म्हणून सांगतो, छोट्याने स्वतः फोन करून तुला सांगितलं ना, तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. शिव्या घालू नकोस त्याला.

आता हिशोब बघ, हा छोट्याला नक्की दाखव. मला वाटलं पुढच्या तीन विषयांत तीन बी प्लस आणले की झालं. सहा विषयांची सरासरी काढली तर 2.98. पॉइंट झिरो टूने गेलो असतो! एक तरी ए मायनस हवाच होता. तो कागद मी टेबलासमोर चिकटवला होता, रूममेटला वाटायचं पगाराचा हिशोब आहे.

आणि सगळ्यात मोठा घोळ. मिडटर्मला एका विषयात आपटलो, रात्री साडेअकराला पोर्टल उघडून तो विषय ड्रॉप करायला निघालो, डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) आला की जीपीएत धरत नाहीत म्हणून. बटणावर बोट होतं. कशी बुद्धी झाली माहीत नाही, सकाळी इंटरनॅशनल ऑफिसला गेलो. तिथली बाई शांतपणे म्हणाली, नऊ क्रेडिटच्या, म्हणजे तुझ्या तीन विषयांच्या, खाली गेलास आणि आमची परवानगी नसेल तर तुझं स्टेटसच जाईल, जीपीए राहू दे बाजूला. म्हणजे प्रोबेशनमधून सुटायला जाऊन मी स्वतःच स्वतःला घरी पाठवत होतो. छोट्याच्या डोक्यात हीच आयडिया येणार, शंभर टक्के. त्याला सांग डीएसओला, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधल्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय काहीही ड्रॉप करायचं नाही. सी आलेला विषय परत घेता येतो का तेही विचार म्हणावं, काही ठिकाणी जुना ग्रेड काढतात, काही ठिकाणी दोन्ही धरतात.

मी शेवटी 3.05 वर सुटलो. प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना जाऊन बसायचो, पहिल्यांदा गेलो तेव्हा तर प्रश्न काय विचारायचा तेच सुचेना.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती आत्तापर्यंत टाळतोय. तुझं एफईचं (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं) एम-टू, म्हणजे मॅथ्स टू, निघालं नाही आणि टीईला (तिसऱ्या वर्षाला) ॲडमिशन मिळालं नाही, ते वर्ष. लिस्ट बोर्डावर लागली होती, अख्ख्या हॉस्टेलला माहीत, प्यूनसुद्धा विचारायचा. तू रूम सोडलीस, मी सामान उचलायला पण आलो नाही, प्रॅक्टिकल आहे म्हणालो. नव्हतं. नंतर एकदा तू टपरीवर दिसलास तर मी गाडी पुढे नेली. काय बोलायचं कळत नव्हतं, आणि खरं सांगू, वायडी लागलेल्याबरोबर दिसायचं नव्हतं मला. तो ईमेल आला त्या रात्री पहिला चेहरा तुझाच आठवला, आणि म्हणूनच तुला फोन करता आला नाही.

छोट्याचा इथला नंबर पाठव. शनिवारी त्याला फोन करतो, सिलॅबस समोर घेऊन बस म्हणावं.

आणि त्या वर्षी तू दिवसभर करायचास काय रे? मी कधी विचारलंच नाही.

तुझा,
रूम पार्टनर