ज्योत दिसते, आकडा दिसत नाही

महोदय,

आमच्या गच्चीवरून रात्री उरणच्या तेल-वायू प्रकल्पाच्या चिमणीची ज्योत दिसते; तिथे नको असलेला वायू जाळतात. १९७६ साली अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातून तेल निघू लागले. ते तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून इकडे उरणला येतात.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे रॉकेलसारखा उग्र वास घरभर पसरला. नातीचा खोकला थांबेना. वास कुठला, हे विचारायला फोन केला तर उत्तर मिळाले, 'हवेचा निर्देशांक ठीक आहे.' त्या निर्देशांकात धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, ओझोन असे आठ घटक असतात. तेलाच्या वाफेत असणारे घातक बेंझिन त्यात नाही, नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेनही नाही. मिथेनला तर वासच नसतो, पण २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. ज्योत नीट पेटलेली असेल तर तो बहुतेक जळून जातो. वाऱ्याने विझली तर तसाच हवेत मिसळतो.

'सेंटिनेल-५पी' हा उपग्रह २०१७ पासून जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातून मिथेन टिपतो. पण समुद्राच्या पाण्यावरून प्रकाश फारसा परत येत नाही, आणि आपल्याकडे चार महिने ढग. तेव्हा मोजायचे ते खालीच. प्रकल्पाच्या कुंपणाला लागून वायू मोजणारे यंत्र बसवा, नळांचे जोड आणि व्हॉल्व्ह गळतीसाठी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तपासा, रोज किती वायू जाळला ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

शाळेत मी मुलांकडून निरीक्षणवही तारीखवार लिहून घेत असे. जूनपासून ज्योतीची आणि वासाची तशीच वही मी ठेवली आहे. तपासणीला कुणी आले तर ती दाखवीन.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, उरण (जि. रायगड)