ताईची उंची रिपोर्टवर का नव्हती? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी ताई काटोल तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एकोणीस वर्षं ती दर महिन्याला गावातल्या पोरांचं वजन करते, उंची मोजते, रजिस्टरात लिहिते. कोणतं पोर घसरलंय ते तिला नुसतं बघून कळतं. तिच्या स्वतःच्या हृदयाच्या चार इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टांवर मात्र तिची उंची आणि वजन कुठेच नव्हतं. त्या दोन आकड्यांसाठी हे पत्र.

ताईला लहानपणी रुमॅटिक फीव्हर (घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयाला इजा करणारा ताप) झाला आणि महाधमनीचा वॉल्व्ह खराब झाला. तो नीट मिटत नाही, म्हणून बाहेर गेलेलं रक्त परत आत येतं. ते पेलता पेलता हृदयाचा डावा कप्पा ताणत जातो, आणि वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. ताई शांत बसलेली असली तरी गळ्यातल्या काळ्या पोतीचे मणी दर ठोक्याला उडायचे. आम्ही रोज बघायचो आणि काही समजायचो नाही. बीपी १५०/५०, दोन आकड्यांतलं अंतर फार. दम लागतो का विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही होत मले." पण हंडा अर्धाच भरून आणायला लागली होती. बाया तक्रार करत नाहीत, गुपचूप काम कमी करतात.

डॉक्टरांनी सांगितलं, कप्पा आकुंचन पावल्यावरचं माप ५० मि.मी.च्या वर गेलं की ऑपरेशन. आता ४१ आहे, वेळ आहे. त्यांनी मनाचं काही सांगितलं नव्हतं, ५० चा आकडा खरोखरच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण त्याच्याच शेजारी दुसरा आकडा आहे : शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे (तो उंची आणि वजनावरून काढतात) २५ मि.मी. अमेरिकेच्या २०२० च्या तत्त्वांत तो आहे, आणि युरोपच्या २०२१ च्या तत्त्वांत तर लहान चणीच्या पेशंटसाठी म्हणूनच दिला आहे.

ताईची उंची १४७ सें.मी., वजन ४१ किलो. पृष्ठभाग होतो जवळपास १.३ चौरस मीटर. म्हणजे तिची मर्यादा साडेबत्तीसच्या आसपास. ४१ म्हणजे ती कधीच ओलांडून गेली होती, आणि आम्ही पन्नासची वाट बघत बसलो होतो. विदर्भातल्या किती बाया अशाच चणीच्या आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको.

जिना चढताना बसून घ्यायला लागली तोवर हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर जातं ते, ४२ टक्क्यांवर आलं होतं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, आम्हाला पैसा लागला नाही, त्याबद्दल मनापासून आभार. वॉल्व्ह छान चालतोय. पंपिंग मात्र ४२ च राहिलं. फार उशीर झाला की ताणलेला कप्पा पूर्ववत होईलच असं नाही.

सगळ्यांनाच लवकर कापा, असं माझं म्हणणं नाही. धातूचा वॉल्व्ह बसला की जन्मभर वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि रक्त किती पातळ आहे ते बघणारी आयएनआरची तपासणी, तरुण मुलीच्या बाळंतपणात तर मोठीच जोखीम. थांबायला कारण असतं. पण थांबायचं तर मोजत थांबायला हवं.

म्हणून विनंती अशी. सरकारी आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात इकोच्या रिपोर्टवर उंची, वजन आणि शरीराच्या मानाने काढलेलं माप लिहिल्याशिवाय सही होऊ नये. योजनेच्या मंजुरीच्या कागदांतही हाच आकडा मागावा. जास्त लीकेज असलेल्या पेशंटला सहा महिने ते वर्षाच्या आतली पुढच्या इकोची तारीख लेखी मिळावी. गडचिरोली, बालाघाटहून नागपूरला येणारा माणूस "त्रास झाला तर या" एवढ्यावर परत गेला, तर तो त्रास झाल्यावरच येतो. आणि जी बाई काही होत नाही म्हणते, तिला एकदा ट्रेडमिलवर चालवून बघावं. रिपोर्टवरच्या त्या मापासाठी नवं मशीन लागत नाही, मोजपट्टी आणि वजनकाटा लागतो.

ताईचे चारही रिपोर्ट माझ्याजवळ आहेत. हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असाल तेव्हा सांगाल त्या वेळी घेऊन येतो.

आपला,
एका अंगणवाडी सेविकेचा धाकटा भाऊ
नागपूर