आरसा तुझ्या उंचीचा

इंदिरानगर, नाशिक

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आरसा तयार झाला. रविवारी गाडीत घालून येवल्याला घेऊन येते. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि यात मापांचा भाग बराच आहे, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

"जुना आहे की चांगला" असं आई दोनदा म्हणाली. जुना चांगला आहे, पण तो बाबांच्या उंचीला लावलेला आहे. आई, तुझी पाठ वाकल्यापासून त्यात तुला कपाळ आणि भांगच दिसतो. दिवाळीत मी पाहिलं, तू टिकली आरशाकडे न बघता, बोटाने भुवयांचा मध्य चाचपून लावत होतीस. मला ते फार लागलं. ज्या बाईने आम्हाला शाळेत जाण्याआधी आरशासमोर उभं करून वेण्या घातल्या, तिला स्वतःचा चेहरा नीट दिसू नये हे मला चालणार नाही.

मागे सरकलं की आरशात जास्त दिसेल असं आपल्याला वाटतं. भिंतीवरच्या सरळ आरशात तसं होत नाही. प्रकाश ज्या कोनात काचेवर येतो त्याच कोनात परततो, त्यामुळे जवळ उभे राहा की लांब, अख्खं दिसायला आपल्या निम्म्या उंचीची काच लागतेच, आणि ती योग्य जागी असावी लागते. काचेची वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मधोमध हवी. बाबांची उंची 5 फूट 5 इंच, डोळे साधारण 5 फूट 1 इंचावर, म्हणजे काच 5 फूट 3 इंचावर संपली की त्यांना केस विंचरायला पुरे. आई खुर्चीत बसली की तिचे डोळे 3 फूट 8 इंचाच्या आसपास येतात. म्हणून काच 30 इंच उंच घेतली. खालची कड 2 फूट 9 इंचावर येईल, आणि आई, तुला बसल्या बसल्या मांडीवरच्या पदरापर्यंत दिसेल. उभी राहिलीस तर निऱ्यासुद्धा दिसतील, पार पोटऱ्यांपर्यंत. दोघांना एकच आरसा पुरतो.

लाकूड सागवानी आहे, वखारीतून आणलेलं. जुन्या नाशकातले वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया आणि दारं वखारींमध्ये येतात. असं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पावसाळ्यात वाकडं होत नाही. सुताराने 4 इंच रुंदीच्या पट्ट्या काढून दिल्या, कोपरे 45 अंशांत जोडले आणि मागून काचेसाठी खाच पाडून दिली. पुढचं सगळं मी घरी, बाल्कनीत केलं. सागाला अंगचं तेल असतं, त्यावर रंग धरत नाही. म्हणून आधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसलं, मग प्रायमर, पुन्हा 220 नंबरचा हलका हात. त्यावर वांगी रंग दिला. कोणता वांगी ते आईला सांगायला नको.

तुझ्या पैठणीचाच. गेल्या खेपेला कपाटातून काढून मी काठाचे फोटो घेतले होते ते यासाठी. काठावरच्या मुनिया मला लहानपणापासून आवडतात, हिरव्यागार, चोचीशी लाल ठिपका, एकीमागे एक. त्याच चौकटीवर उतरवल्या आहेत. रंगाचा छाप आपल्या रांगोळीच्या छापासारखाच, कापलेल्या जागेतून खाली रंग उतरतो. पण छाप कापताना एक अडचण येते. पक्ष्याच्या आकारातला डोळा किंवा पंखावरची रेघ सगळ्या बाजूंनी कापली तर मधला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक जोड सोडावे लागतात. हे जोड कुठे सोडायचे ते मला काठानेच दाखवलं. भिंग घेऊन बघितलं तर हिरव्या पंखाभोवती गडद धाग्याची बारीक कड असते, तीच एक रंग दुसऱ्यापासून वेगळा ठेवते. विणकराने जिथे कड विणली तिथे मी जोड सोडला. आता चौकटीवर तिथे खालचा वांगी रंग दिसतो आणि मुनियेला आपोआप कड आली आहे. आई, तू बोट फिरवून बघशील तेव्हा तुला लगेच कळेल.

छाप जाड पारदर्शक शीटवर कापला, खाली जुनी काच ठेवून. आधी डोळ्यासारखे लहान तुकडे आणि मोठे शेवटी, म्हणजे शीट शेवटपर्यंत ताठ राहते. वळणावर कटर न फिरवता शीट फिरवायची, मग कड दातेरी होत नाही.

मापही फार सुंदर जुळलं. कोपरे सोडले तर उभ्या बाजू 30 इंच, आडव्या 15. एक मुनिया 3 इंचांची धरली की उभ्या पट्टीत 10 आणि आडव्या पट्टीत 5 बसतात, कुठे अर्धी तोडावी लागत नाही. एका बाजूचे पक्षी दुसऱ्या बाजूकडे बघतात. त्यासाठी छाप धुऊन, पूर्ण वाळवून उलटा करायचा.

रंग भरण्यात सगळा हात हलका लागतो. ब्रश गोल, ताठ केसांचा, तोंड सपाट. रंगात टेकवायचा आणि वर्तमानपत्रावर इतका टिपायचा की कोरडाच वाटावा. मग ब्रश उभा धरून टिपटिप, कडेकडून मध्याकडे. ओला ब्रश लावला की रंग शीटखाली शिरतो आणि कड फुटते. सोनेरी रंग गडद पायावर उठत नाही, म्हणून त्याखाली आधी मातकट पिवळ्याचा एक हात दिला. त्यावर सोनेरी असं बसलंय की जरीची आठवण यावी. हिरव्यासाठी वेगळा छाप, दोन्ही छापांवर कोपऱ्यात सारख्या खुणा, म्हणजे पंख जागच्या जागी पडतो.

बाबा, कोपऱ्यांत तुमची कमळं आहेत. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढवून तुम्ही आम्हाला 3 नंबरच्या लेण्यापुढे उभं करायचात आणि गौतमी बलश्रीची गोष्ट सांगायचात, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईची, तिनेच हे लेणं करवलं म्हणून. तिथल्या दगडी कठड्यावर कोरलेली कमळं तुम्ही आम्हाला मोजायला लावायचात. मी परत जाऊन ती काढून आणली, थोडी सोपी केली, आठ पाकळ्यांची. कमळाचा छाप कापायला सोपा, कारण पाकळ्या मुळातच सुट्या असतात.

वरून पाण्यात मिसळणाऱ्या मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात दिले. चकचकीत मुद्दाम घेतलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बाबांना चमक सहन होत नाही, आणि चौकट लकाकली तर डोळा चेहऱ्यावर ठरत नाही.

काच 4 मिलिमीटरची, सव्वातीन किलोच्या आसपास. ती चिकटवलेली नाही. मागून पातळ प्लाय आणि बारीक खिळे मारून बसवली आहे, उद्या बदलायची झाली तर चौकट मोडायला नको. जुन्या आरशाच्या कडांना काळे डाग पडलेत ना, ते ओलीमुळे. काचेमागे चांदीचा पातळ थर असतो, त्यावर रंग. कडेने ओल शिरली की थर काळवंडतो. म्हणून नवीन आरशाच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी गोळ्या लावल्या आहेत, भिंत आणि आरसा यांच्यात वारा खेळायला. पुसताना पाणी थेट काचेवर मारू नका, फडक्यावर घ्या.

आता जागा. मोरीलगतची भिंत नको, तिला ओल येते. खिडकीच्या समोरची भिंतही नको, चमक डोळ्यांवर येईल. खिडकीच्या शेजारची, जिथे कॅलेंडर आहे, ती बरोबर आहे. उजेड बाजूने चेहऱ्यावर पडेल. आपल्या जुन्या भिंतीचा गिलावा वरून भक्कम वाटतो पण आत माती आहे, साध्या खिळ्याने एवढं वजन धरणार नाही. ड्रिल, लांब स्क्रू आणि ते धरायला भोकात बसवायच्या गिट्ट्या मी आणते. दोन्ही बाजूंना दोन हुक आहेत, म्हणजे आरसा तिरका होणार नाही.

बाबा, कळकळीची विनंती, मी येईपर्यंत स्टुलावर चढू नका. कॅलेंडरसुद्धा काढू नका. मला फक्त एवढं करून हवंय: आईला तिच्या रोजच्या लाकडी खुर्चीत बसवा, पाठ टेकवून नाही, जशी ती रोज बसते तशी, आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत टेपने माप घ्या. मी 3 फूट 8 इंच धरलंय ते अंदाजाने, दिवाळीच्या फोटोवरून. इंच-दोन इंच इकडेतिकडे असेल तर हुक त्याप्रमाणे लावू. आई, माप घेताना ताठ बसू नकोस. तू जशी आहेस तशीच बस, आरसा त्याच उंचीला लावायचा आहे.

माप शनिवारी रात्रीपर्यंत कळवा. रविवारी जेवायला तिथेच आहे, पण आई, तू ओट्याशी उभी राहून पुरणाचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी पुरे, आणि भाकऱ्या मी थापेन.

तुमची,
धाकटी