डोळा लाल म्हणजे डोळे आलेच असं नाही

संपादक महोदय,

माझ्या बहिणीचा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर डोळे आलेत म्हणून महिनाभर नुसते ड्रॉप्सच टाकत बसलो आणि मग कळलं की हा युव्हायटिस, म्हणजे शरीराची इम्युनिटीच डोळ्याच्या आतल्या भागावर उलटलेली. स्टेरॉइडने सूज उतरते, पण जास्त दिवस घेतलं की मोतीबिंदू, काचबिंदू मागे लागू शकतात. २०१९ मध्ये फास्ट ट्रायलचे (स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून देतात त्या, इम्युनिटी दाबणाऱ्या दोन औषधांची युव्हायटिसच्या पेशंटवर तुलना) रिझल्ट आले, २१६ पेशंट, त्यात आपल्याकडचेही होते, आणि स्वस्तातली मेथोट्रेक्सेट महागड्या मायकोफेनोलेटपेक्षा कमी पडली नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही आपल्यासारख्यांसाठी! फक्त मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रोज चुकून घेतली तर जिवावर बेततं. तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर सविस्तर छापा ना प्लीज.

— एक वाचक, सातारा