पक्ष बदला, पण आमचे मत परत करून

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : पक्षांतर आणि मतदाराचा विश्वास

महोदय,

निवडणूक जवळ आली की आपल्या दैनिकाच्या शहर पानावर पक्षप्रवेशाची छायाचित्रे येऊ लागतात. गळ्यात नवे उपरणे, हातात पुष्पगुच्छ आणि मागे दाटीवाटीने उभे असलेले नेते. त्या छायाचित्रात एक माणूस कधीच दिसत नाही, तो म्हणजे प्रवेश करणाऱ्याला आधीच्या चिन्हावर मत देऊन आलेला मतदार. त्याच्या वतीने चार शब्द लिहावेत, म्हणून हे पत्र.

कसबा पेठेतील आमच्या गल्लीत मतदार-चिठ्ठ्या घरोघरी पोहोचवणारा एक कार्यकर्ता आहे. त्याला मी तो शाळेत होता तेव्हापासून ओळखतो. २०१९ मध्ये त्याने आणलेल्या चिठ्ठीवर जे चिन्ह होते, ते २०२४ मध्ये बदललेले होते; मात्र हातातली यादी तशीच, निळ्या पेनाने खुणा केलेली, आणि आमच्या सौभाग्यवतींचे नाव यादीत चुकीचे छापले आहे हेही त्याच्या लक्षात होते. मी विचारले, ‘‘काय रे, या वेळी इकडे?’’ जिन्याच्या कठड्याला टेकून तो हळूच म्हणाला, ‘‘काका, साहेब गेले म्हणून आम्ही गेलो. आम्हाला विचारलंय कुणी?’’

त्याच्या या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये जे घडले, त्याबद्दल प्रत्येकाचे आपापले मत आहे. कुणाला ती गद्दारी वाटते, कुणाला ती विचारांकडे परतण्याची वाट वाटते. ‘पन्नास खोक्यां’च्या घोषणेतले खरे किती आणि प्रचार किती, हे मला ठाऊक नाही आणि माझा मुद्दाही तो नाही. शिवाय दोषाचे माप एकाच बाजूच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही. २०१९ मध्ये युती म्हणून मते मागितल्यानंतर वेगळीच आघाडी सत्तेवर आली, तेव्हाही मतदाराला कुणी विचारले नव्हते. आणि त्याआधी २३ नोव्हेंबरच्या पहाटेचा शपथविधी झाला, तेव्हा तर तो झोपेतच होता. काँग्रेसमधून फुटून केलेला पुलोदचा (पुरोगामी लोकशाही दलाचा) १९७८ चा प्रयोग आठवणारे माझ्या वयाचे लोक तर म्हणतील की यात नवे ते काय.

नवे आहे ते असे, की या वेळी कायदा हाताशी असूनही त्याचा निर्णय वेळेत लागला नाही. ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द १९६७ च्या हरियाणाने देशाला दिला आणि १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची तेवढी सवलत ठेवली. पण बंड करणाऱ्यांनी विलीनीकरण केलेच नाही. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असा दावा केला, आणि पक्ष कोणाचा हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन दारांत फिरत राहिला. आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला, प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे सांगितले आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा असे बजावले. ही वाजवी मुदत १० जानेवारी २०२४ पर्यंत लांबली आणि तेव्हाही कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. मग न्यायालयात पुन्हा आव्हान, पुन्हा तारखा, आणि एवढ्यात विधानसभेची मुदतच संपून नवी निवडणूक झाली. रुग्ण गेल्यावर तपासणीचा अहवाल हाती यावा, तसे हे झाले.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर असे, की जनतेने कौल दिला, आता जुने कशाला उगाळायचे? पण कोणता कौल? २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि अवघ्या पाच-सहा महिन्यांत विधानसभेत महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा नेल्या. दोन्ही निकाल पक्षफुटीवरचे सार्वमत मानायचे तर आम्ही अर्ध्या वर्षात मत फिरवले असा अर्थ होतो. माझ्या मते लोकांनी कांद्याचा भाव, सोयाबीन, आरक्षण, लाडकी बहीण, उमेदवार आणि जवळचा माणूस असे दहा हिशेब एका बटणात केले. त्या बटणातून फुटीला मान्यता वा शिक्षा शोधणे म्हणजे किराणा सामानाच्या पावतीवरून घरातली भांडणे ओळखण्यासारखे आहे.

पक्ष बदलणे हा गुन्हा आहे असे मी मानत नाही. आमच्याच कसब्यात रवींद्र धंगेकर २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आले. त्याआधी ते शिवसेनेत आणि मनसेत होते, २०२४ मध्ये पराभूत झाले आणि मार्च २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्यांच्या प्रवासावर कट्ट्यावर पुष्कळ विनोद होतात (कसब्याला विनोदाचे वावडे कधीच नव्हते), परंतु हा शेवटचा बदल केला तेव्हा त्यांच्याकडे आमची कोणतीही जागा नव्हती, म्हणून मतदार या नात्याने मला तक्रार करता येत नाही. तक्रार आहे ती आमच्या मताने मिळालेली जागा खिशात घालून दुसऱ्या घरी राहायला जाणाऱ्यांबद्दल.

असे न करताही पक्ष बदलता येतो, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. शिवसेनेतून बाहेर पडल्यावर नारायण राणे यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि २००५ मध्ये मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढवून जिंकली. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीच्या चिन्हावर साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत हरले. पुढे २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने त्यांना कमळाच्या चिन्हावर लोकसभेत पाठवले. एकाला लोकांनी लगेच स्वीकारले, दुसऱ्याला आधी नाकारून मग स्वीकारले, आणि दोन्ही वेळा शेवटचा शब्द मतदाराचा राहिला. या दोघांच्या राजकारणाशी मी सहमत असेन वा नसेन, त्यांनी जागा परत करून ती पुन्हा मागितली, एवढे श्रेय मी त्यांना देतो.

म्हणून कायद्यात बदल हवा तो साधा. ज्या चिन्हावर निवडून आलो ते सोडायचे, किंवा त्याच्या मालकीवर दावा सांगून वेगळी चूल मांडायची, तर आधी सदस्यत्वाचा राजीनामा. संख्या एक असो, एक तृतीयांश असो की दोन तृतीयांश. आणि वाद झालाच तर त्याचा निवाडा अध्यक्षांकडे नको, कारण ते कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या तिकिटावरच त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले असतात. मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करावा असे संसदेला सुचवले. तेलंगणाच्या प्रकरणात २०२५ मध्ये पुन्हा तेच सांगावे लागले. संसदेने ते अजून मनावर घेतलेले नाही.

पोटनिवडणुका फार होतील, खर्च वाढेल, अशी शंका घेतली जाईल. खर्चाचे मला तितकेसे वाटत नाही. विलंबाची भीती मात्र खरी आहे, आणि ती पुणेकराला सांगावी लागत नाही. गिरीश बापट यांच्या निधनानंतर मार्च २०२३ पासून जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदार नव्हता. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे कायद्यात लिहिलेले असताना ती झाली नाही; उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आदेश दिला, त्यालाही वर स्थगिती मिळाली. महापालिकेची तर कथाच वेगळी : मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. या काळात ड्रेनेजची तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, हे आमच्या सोसायटीत कुणालाच नीट ठाऊक नव्हते. तेव्हा राजीनाम्याच्या सक्तीबरोबर पोटनिवडणुकीच्या सहा महिन्यांची सक्तीही खरीखुरी हवी.

हे सारे दिल्लीत कधी होईल ते होवो. आपल्या दैनिकाला मात्र एक गोष्ट उद्यापासून करता येईल. उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, खटले आणि शिक्षण विचारले जाते; मागच्या वेळी कोणत्या चिन्हावर निवडून आलात हे विचारले जात नाही. निवडणुकीच्या वेळी आपण उमेदवारांचा परिचय छापता, त्यात दोन रकाने वाढवावेत : याआधी निवडून आले ते कोणत्या चिन्हावर, आणि ते चिन्ह सोडताना राजीनामा दिला की नाही. ते पान मी कापून ठेवीन, आणि आमचा कार्यकर्ता चिठ्ठी घेऊन जिना चढून येईल तेव्हा त्याच्यापुढे धरीन. निदान त्याच्या साहेबांचा रकाना तरी त्याने वाचावा.

आपला,
एक ज्येष्ठ मतदार
कसबा पेठ, पुणे