कूलर चालू राहू द्या

नागपूर,
ता. ११ मे

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर नाही म्हणून तुझ्या मला मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील. दे. पण या महिन्यात इथं जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मूळ गोष्ट राहते बाजूला.

तर ऐक. आपल्या शनिवारच्या जॅझ ऐकण्याच्या बैठकीत नवा माणूस आला आहे. नवा म्हणजे वयानं ऐंशी पार. मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीत उभी हयात रेकॉर्डिंग करवून घेण्यात घालवली. कंपनीचं नाव ते स्वतःच घेत नाहीत, मग मी कशाला घेऊ? काकू गेल्यावर लेकीकडे बजाज नगरला राहायला आलेत. आम्ही त्यांना काकाच म्हणतो.

सापडले कसे, ते आधी सांगतो. आपल्या दातांच्या डॉक्टर ताई आहेत ना, त्या दवाखान्यात बारीक आवाजात जॅझ लावून ठेवतात. (पेशंटला बरं वाटावं म्हणून, असं त्या म्हणतात. माझी रूट कॅनल झाली तेव्हा मला काही बरं वाटलं नव्हतं.) काका खुर्चीत आडवे, तोंडात कापसाचे बोळे, आणि मध्येच त्यांनी बोट वर केलं. ताईंना वाटलं, दुखलं. कापूस काढला तर म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमच्या स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्यात. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डावीकडे हवा. तो उजवीकडून येतोय.’’

ताईंनी वायरी बदलल्या. आता बरोबर डावीकडे कोल्ट्रेन, उजवीकडे कॅननबॉल अॅडर्लीचा सॅक्सोफोन, मधोमध माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. चार वर्षं त्या उलटं ऐकत होत्या! त्याच संध्याकाळी त्यांनी मला फोन केला आणि दाताची फी घेतली नाही म्हणून सांगितलं.

आता अशा माणसाला नुसतं ‘या बसा’ कसं म्हणायचं? वकीलसाहेबांनी ठरवलं की रीतसर सत्कार व्हायला पाहिजे. आपल्या नागपुरात सत्काराशिवाय माणूस आला असं कोणी धरतच नाही. शाल, श्रीफळ आणि दोन पानी मानपत्र. मी म्हटलं, ‘‘काहून बे वकिला, या उन्हात शाल?’’ तर म्हणे शाल ही शाल असते, तिला ऋतू नसतो. मानपत्रात ‘जॅझरत्न’ असाही एक शब्द होता. तो मी खोडला. त्यांनी परत लिहिला.

गुरुजींच्या लक्ष्मीनगरच्या घरी मंडळी जमली. गुरुजींनी स्वतः तर्री पोहे केले होते. काकांनी मुंबईच्या भाबडेपणानं वाटीभर तर्री ओतून घेतली आणि पुढची पाच मिनिटं पन्हं पीत बसले. शाल खांद्यावर पडली तशी त्यांनी घडी करून शेजारच्या टिपॉयवर ठेवली. मानपत्राचं पहिलं पान होईपर्यंत दम काढला आणि मग वकीलसाहेबांना अगदी हळू विचारलं, ‘‘हे पुढे असंच आहे का? मग इथेच कट करू या.’’

वकीलसाहेब इतके हसले की दुसरं पान वाचायचं राहिलंच.

आम्ही सगळे प्रश्न लिहून आणले होते. कोण कोण भेटलं, कोणाबरोबर काम केलं, कोणाचा स्वभाव कसा. काकांना त्यातलं काहीच सांगायचं नव्हतं. म्हणाले, ‘‘मी ऐकायला आलोय. चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी ऐकलं. आता जरा स्वतःसाठी ऐकतो.’’

मग गुरुजींनी माइल्सची तीच रेकॉर्ड, ‘काइंड ऑफ ब्लू’, लावली. आणि इथून खरी मजा.

तुला गुरुजींचं जुनं दुखणं आठवतं? शाळेत संगीत शिकवणारा माणूस, रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेवरचा विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम ऐकून जॅझला लागला. या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच म्हणाले होते, हा तर पांढरी दोन पट्टीतला काफी थाट, मध्ये आठ बारांपुरता (बार म्हणजे चार मात्रा) सगळा डोलारा अर्धा सूर वर जातो आणि खाली येतो. तेव्हापासून ते पेटी घेऊन रेकॉर्डसोबत बसतात आणि पेटी काही जुळत नाही. रेकॉर्ड जराशी चढी. अर्ध्या सुराच्याही आत, पण कानाला खुपेल इतकी. पेटी दोनदा ट्यून करून आणली. मग टर्नटेबल जास्त वेगानं फिरतंय म्हणून सीताबर्डीच्या मेकॅनिककडे तीन चकरा. बेल्ट बदलला, मोटर बदलली. शेवटी स्वतःच्या कानावर संशय घेऊन कानाच्या डॉक्टरकडेही गेले होते. ते तुला मी सांगितलं नव्हतं, त्यांनी शपथ घातली होती.

त्या दिवशीही सवयीनं पेटी पुढ्यात होती. पांढरी दोन धरली, तोंड वाकडं केलं, भाता सोडला. काका बघत होते. म्हणाले, ‘‘गुरुजी, रेकॉर्ड उलटी करा. ‘ऑल ब्लूज’ लावा आणि पांढरी पाच धरा.’’

धरली. बंड्या, दुधात साखर विरघळावी तसा सूर मिसळला. गुरुजींचा हात भात्यावर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग त्या बिचाऱ्या टर्नटेबलकडे.

भानगड अशी आहे. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला भरली, न्यूयॉर्कला कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. तो पूर्वी चर्च होता. त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं. काकांनी समजावलं ते असं: मशीन हळू, म्हणजे एका मिनिटाचा आवाज कमी लांबीच्या टेपवर बसला. तीच टेप पुढे बरोबर वेगानं वाजवली की ते मिनिट लवकर संपतं आणि सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलला भरली, तेव्हा मशीन नीट होतं. पहिल्या सेशनला शेजारी जादा म्हणून एक दुसरं मशीन चालू होतं, ते बरोबर वेगाचं होतं. त्यावरून दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली १९९२ साली. तोवर तेहतीस वर्षं सगळ्या जगानं ती बाजू चढीच ऐकली आणि गुरुजींची जुनी रेकॉर्ड तर अजून चढीच आहे.

‘‘म्हणजे माझी पेटी बरोबर होती,’’ गुरुजी म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘‘मोटरचे अठराशे रुपये गेले.’’

दुरुस्त प्रत आणून देऊ का, असं ताईंनी विचारलं. गुरुजी नको म्हणाले. म्हणे आता या चढ्या सुराचीच सवय झाली, पेटीच थोडी चढवून घेतो.

यानंतर वकीलसाहेब वादाला उभे राहिले, ते राहणारच. त्यांचं म्हणणं तुला पाठ आहे: जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचलं ते, रेकॉर्डिंगवाल्यानं मध्ये हात घालणं म्हणजे लबाडी. काकांनी ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ऐकलीय का विचारलं. ऐकलीय म्हणजे, वकीलसाहेबांची ती जीव की प्राण! पियानोवाल्या थेलोनिअस मंकची ती १९५६ साली भरलेली रेकॉर्ड. तिचं शीर्षकाचं गाणं इतकं अवघड की त्याचे पंचवीस टेक झाले आणि एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट लागला नाही. निर्माता ऑरिन कीपन्यूज. त्यानं तुकडे कापून, जोडून ते गाणं उभं केलं.

वकीलसाहेबांचा चेहरा बघायला तू हवा होतास. ‘‘म्हणजे बनावट पुरावा!’’

‘‘नाही हो साहेब,’’ काका म्हणाले. ‘‘पंचवीस साक्षीदार. प्रत्येकानं थोडं थोडं पाहिलेलं. जबान्या जुळवायच्या कोणी?’’

मी मनात म्हटलं, घ्या. आयुष्यात पहिल्यांदा वकीलसाहेबांनी तारीख मागून घेतली.

आता कूलरचं. आपला नियम ठाऊकच आहे: बासचा, म्हणजे त्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा, एकल भाग आला की कूलर बंद. मग पाच मिनिटांत सगळे घामाघूम, कोणी पंखा मागतं, कोणी दार उघडतं आणि रेकॉर्डकडे कोणाचंच लक्ष नाही. पियानोवाल्या बिल एव्हान्सची, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातली रेकॉर्ड लागली आणि मी नेहमीप्रमाणे बटणाकडे निघालो. काकांनी हात धरला. ‘‘कूलर चालू राहू द्या. ग्लास ऐका.’’

ग्लास तर आपणही ऐकलेत, नाही का? तळघरातला क्लब, २५ जून १९६१, रविवार. मागे ग्लास किणकिणतात, कोणी गप्पा मारतं, कोणी हसतं. मी इतकी वर्षं त्या बोलणाऱ्यांवर दात-ओठ खात आलो. काका म्हणाले, ते काढता आले असते तरी काढायचे नसतात. ते गेले की खोली जाते, आणि खोली गेली की वाजवणारे तिघं हवेत वाजवायला लागतात. मग त्यांनी लाफारोचं सांगितलं. बासवर स्कॉट लाफारो, पंचवीस वर्षांचा पोरगा. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. निर्माता इथेही कीपन्यूजच. पाच बैठकींचं सामान हाती होतं, त्यातून पहिली रेकॉर्ड निवडताना लाफारोचा बास जिथे समोर येतो ती गाणी घेतली. पहिलं गाणं लाफारोनं रचलेलं, शेवटचंही त्याचंच. बाकीचं पुढच्या रेकॉर्डला ठेवलं.

‘‘वाजवलं त्यांनी,’’ काका म्हणाले, ‘‘पण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते एका न वाजवणाऱ्या माणसानं ठरवलं.’’

यावर गुरुजींना गायिका गौहरजान आठवली. १९०२ साली कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गनं तिची रेकॉर्ड भरली, तिच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. रेकॉर्डा छापायला जर्मनीला हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना कोणाची कुठली ते कळावं म्हणून. गुरुजी म्हणाले, गौहरजानचं नाव सव्वाशे वर्षं ऐकू येतंय, समोर बसलेल्या गाइसबर्गचं नाही. काका हसले. त्यांच्या रेकॉर्डच्या कव्हरवर छापखान्याचं नाव असायचं म्हणे, त्यांचं नसायचं. रागानं नाही सांगितलं. बर्फीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं.

स्वतःच्या कामाबद्दल एवढंच एक बोलले. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, आणि गाणारे रंगात आले की त्यांना घड्याळ दिसत नाही. काकांनी कधी कोणाला घड्याळ दाखवलं नाही. काचेपलीकडे बसून नुसता चष्मा काढून ठेवायचे. तो काढला की चार मिनिटं उरलीत, हे आधी ठरलेलं. एका बाईंनी तो चष्मा पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मग? ‘‘मग काय, दोन बाजू केल्या.’’

आणि आता तुझ्याकडे येतो.

मंकच्या त्या रेकॉर्डवर टेनर सॅक्सोफोन सॉनी रोलिन्सचा. नाव निघालं तसं मला राहवलं नाही. १९७८ साली मुंबईला ‘जॅझ यात्रा’ हा जॅझचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा तू घरी ‘मावसभावाची मुंज’ सांगून मेल गाडीनं निघून गेलास आणि मी परीक्षा म्हणून राहिलो. (त्या पेपरात मला एकेचाळीस मार्क पडले. हे मी तुला अजून माफ केलेलं नाही.) रंगभवनात स्वेटरखाली टेपरेकॉर्डर लपवून तू रोलिन्स भरून आणलास ती कॅसेट माझ्याकडे आहे. दरवर्षी उन्हाळ्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या माठाशेजारी ठेवतो, नाहीतर केव्हाच तिचा पापड झाला असता. आवाज फाटका, सॅक्सोफोन डबक्यातून आल्यासारखा, आणि दर दोन मिनिटांनी तुझा खोकला.

पुढच्या शनिवारी ती घेऊन गेलो. आधी म्हटलं, काका, आवाज वाईट आहे, खोकला फार आहे, कोणा पोराकडून कॉम्प्युटरवर साफ करून घेणार आहे. काकांनी डोळे मिटून अर्धी बाजू ऐकली. कूलर चालूच. मग विचारलं, ‘‘हा खोकणारा कोण?’’

म्हटलं, माझा मित्र. पुण्याला असतो.

‘‘त्याला काढू नका. तो खोकतो तेव्हा आवाज किती जवळून येतो आणि त्यामागे सॅक्सोफोन किती लांब आहे, त्यावरून तर कळतं आपण कुठे बसलोय ते.’’ परत थोडं ऐकलं. ‘‘डाव्या अंगाला होता तुमचा मित्र. बराच मागे. आणि बाजूला भिंत असणार कुठलीतरी. टाळ्या एकाच बाजूनं परत येतायत.’’

ते स्वतः त्या रात्री तिथेच होते. पुढे, मधोमध. म्हणाले, मला आठवतो त्यापेक्षा हा आवाज वेगळा आहे, तुमच्या मित्राच्या जागेवरून मी रोलिन्स ऐकलाच नव्हता. म्हणून त्यांनी कॅसेटची दुसरी बाजूही लावायला लावली.

इथं लगेच दोन पक्ष पडले. गुरुजींनी काकांच्या बाजूनं पाचशे रुपये लावलेत. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदार प्रत्यक्ष हजर झाल्याशिवाय मानणार नाही. ताई पैज लावत नाहीत, पण तुझ्या खोकल्यावरून तू तेव्हा सिगारेट ओढत होतास असं त्यांचं निदान आहे. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.

तेव्हा पोस्टकार्डावर का होईना, पण लवकर कळव: तू त्या रात्री कुठं बसला होतास? डावीकडे की उजवीकडे? आणि शेजारी भिंत होती का? आठवत नसेल तर तसं लिही, उगाच गुरुजींची बाजू घेऊ नकोस.

येशील तेव्हा पुण्याहून टर्नटेबलची एक पिन घेऊन ये, इथं मनासारखी मिळत नाहीये. नवतप्याचे ते नऊ आगीचे दिवस लागायच्या आत आलास तर बरं. नाही आलास तरी शनिवारी तुझा खोकला असतोच.

तुझा,
बाळ्या