पाणी आहे, तरी वस्ती का नाही?

महोदय,

‘जिथं पाणी तिथं वस्ती’ हे इजिप्तला लागू पडतं. तिथले सुमारे ९५ टक्के लोक नाईलकाठच्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर राहतात. पण आमच्या डोंगराळ कणकुंबी-जांबोटी भागात पाऊस धो धो कोसळतो, मलप्रभा नदी इथंच उगम पावते, तरी घरं विरळच. पाण्याबरोबर सपाट, कसदार जमीनही लागते. २०११ च्या जनगणनेत गंगेच्या गाळावरच्या बिहारमध्ये चौरस किलोमीटरला १,१०६ माणसं होती, डोंगराळ अरुणाचलात फक्त १७. आमची माती पावसाबरोबर वाहून जाते. भाताचं एकच पीक, तेही गवे एका रात्रीत तुडवतात. माळ्यावर राखण करून थकलेल्या माझ्या मुलानं शेवटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतलं काम धरलं. तिकडं चिकोडी-अथणीत कृष्णेच्या पाण्यावर ऊस, कारखाने, भरलेली गावं.

इथवर निसर्गाचं झालं. पण माणसं कमी म्हणून बस बंद, पट कमी म्हणून शाळा बंद, आणि शाळा नाही म्हणून उरलेली बिऱ्हाडंही बेळगावला, हे कुणी केलं? जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी निकष वेगळा हवा. पटसंख्या बाजूला ठेवून, मुलांना भर पावसात किती चालावं लागतं यावर तो ठरवा.

– एक शेतकरी, ता. खानापूर, जि. बेळगाव